घरचा धंदा : मालिकेत दिसतो तो आणि आपल्या घरात चालतो तो (अनुभव धागा)

भाजणीवाली, डोंबिवली

परवा रात्री आईबरोबर 'होणार सून मी ह्या घरची'चे जुने भाग बघत बसले होते. 2013 मध्ये ही मालिका सुरू झाली तेव्हा मी कॉलेजात होते आणि आमच्या घरी जेवणाची ताटं टीव्हीसमोरच यायची. गोखले गृह उद्योग, आईआजींच्या शब्दाबाहेर कोणी नाही, श्री ऑफिसला जातो, जान्हवी बँकेत, घरभर बायका. मला ती मालिका तेव्हाही आवडायची आणि आत्ताही आवडते, त्यातली माणसं आपल्या नात्यातली वाटतात. पण परवा आई मध्येच म्हणाली, "अगं, पण यांचा माल कुठाय?"

आणि खरंच की! एवढा मोठा गृहउद्योग पण दिवाणखान्यात एक पिंप नाही, कोणाच्या केसाला पीठ लागलेलं नाही, कोणी खोकत नाही.

आमचाही गृहउद्योगच. 1996 साली आजीने सुरू केला, भाजणी, मेतकूट, मग पापड आणि दिवाळीत फराळ. दीड खोलीचं घर होतं. चकलीच्या भाजणीचे तांदूळ धुवून आईच्या जुन्या साड्यांवर पसरलेले असायचे आणि आम्ही भावंडं कडेकडेने चालायचो, कारण मधे पाय पडला तर आजी काही बोलायची नाही, नुसती बघायची. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, शेवटी धणे-जिरे. एकत्र भाजून चालत नाही, कारण हरभरा डाळ रंगावर येईपर्यंत मूग डाळ करपते. मला आजही डोळे मिटून वासावरून सांगता येतं की कढईत काय आहे आणि खाली उतरवायला किती वेळ आहे. शाळेच्या युनिफॉर्मला तो वास कायम असायचा. पिशव्या बंद करायचं पायाने दाबायचं सीलिंग मशीन होतं, त्यावर माझ्या डाव्या अंगठ्याची कातडी दोनदा गेली आहे. बाबा स्कूटरवर पुढे एक पोतं, मागे एक पोतं बांधून ठाणे-मुलुंडच्या दुकानांत माल टाकायचे.

आमच्याकडे हाताखाली दोन बायका होत्या, त्यांना दर शनिवारी पगार मिळायचा, आजी स्वतः मोजून द्यायची आणि एकदाही उशीर झालेला मला आठवत नाही. आईला पगार नव्हता. काकूलाही नव्हता. "घरचंच तर आहे" एवढंच. मालिकेत घरच्या धंद्यावरून इतकी भांडणं होतात, चाव्या, सह्या, खुर्च्या, पण सुनेचा पगार किती हे कोणी विचारत नाही.

म्हणून हा धागा. तुमच्या घरी धंदा होता किंवा आहे? मालिका, सिनेमा, नाटक, कादंबरी, कुठे काही बघून-वाचून 'हे आमचंच आहे' वाटलं किंवा 'असं नसतं हो' वाटलं, ते लिहा. दुकानाची आणि माणसांची नावं नकोत, बाकी मोकळेपणाने लिहा.

अडत गल्ली, लातूर (सध्या पुणे)

ताई, तुमच्या आईचा प्रश्न वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि पाच मिनिटं बसून राहिलो. यांचा माल कुठाय!

आमचं मार्केट यार्डात अडत दुकान आहे (शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून द्यायचा), पणजोबांपासून. मालिकेत बिझनेसमन म्हणजे घरात पण ब्लेझर घालून नाश्ता करणारा माणूस. आमचे आबा (म्हणजे थोरले काका) सकाळी सातला दुकानात, पांढरं धोतर, त्याला दुपारपर्यंत तुरीची धूळ बसून पिवळं झालेलं. तुरीच्या सीझनला जानेवारी-फेब्रुवारीत दुकानापुढं ढीग लागायचे, सौदा झाला की काटा, मग पोती शिवायची, मग पट्टी करायची. पट्टी म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा हिशोबाचा कागद, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि त्यानं आधी घेतलेली उचल वजा करून हातात किती. मी नववीत होतो तेव्हा आबांनी मला पट्टी लिहायला बसवलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की समोरचा माणूस वर्षभराची कमाई बघायला उभा आहे, त्याच्याकडं न बघता आकडा लिहायचा नाही, आधी तोंडानं सांगायचा, मग लिहायचा. हे मी कुठल्याच मालिकेत बघितलं नाही.

पुस्तकातलं मात्र एक सांगतो. विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' ही कन्नड कादंबरी, छोटीशीच आहे. त्यात एक कुटुंब आहे, काका मसाल्याचा धंदा सुरू करतो, घाऊक मसाला आणून बारीक पुड्या भरून विकतो, पैसा येतो आणि मग सगळं घर त्या काकाच्या भोवती फिरायला लागतं. त्याला काय हवं, त्याची झोप, त्याचा चहा. जो गोष्ट सांगतो तो पुतण्या नावाला डायरेक्टर आहे, काम काहीच नाही, पैसे खात्यावर येतात.

मी ती एका बैठकीत वाचली आणि रात्री झोप लागली नाही. आमच्याकडं आबा घरी आले की टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. आबांचं ताट आधी. आबांना कुठली भाजी चालत नाही ते घरातल्या सगळ्यांना पाठ होतं आणि माझ्या आईला काय आवडतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आबा वाईट माणूस अजिबात नव्हते, फार मोठ्या मनाचे होते, माझं इंजिनिअरिंग त्यांनीच केलं. पण कमावणारा एक आणि खाणारे चौदा झाले की घरात काय होतं ते त्या कादंबरीत जसंच्या तसं आहे, तिथं गाव बंगळूर असो नाहीतर लातूर असो.

नागपुरी संत्रं

मी थोडं वेगळं लिहिते, कारण सगळेच मालिकेच्या विरुद्ध लिहून राहिले आहेत.

'माझ्या नवऱ्याची बायको'मधल्या राधिकाला लोकं खूप हसले. राधिका मसाले, घरातली बाई अन् एकदम कोट्यवधीची कंपनी, असं कुठे असते का म्हणून. माझी आई ती मालिका रोज बघायची. राधिका नागपूरची, नागपुरी बोलते, म्हणून आधी बघायची, मग तिच्यासाठीच बघायची. बाबांची नोकरी गेली होती तेव्हा. एक दिवस आई म्हणाली, ही करू शकते तं मी काहून नाही? अन् तिने कांदा-लसूण घालून तिच्या आईचा काळा मसाला केला, पहिल्यांदा पाच किलो, भिवापुरी मिरची आणून. कांडप गिरणीत रांगेत उभं राहायला मी गेले होते, तोंडाला ओढणी बांधूनही दोन दिवस डोळे चुरचुरत होते. पहिले पाच किलो विकायला दीड महिना लागला, अर्धे तर मावशीनेच घेतले.

आज सात वर्षं झाली. कंपनी वगैरे काही नाही, महिन्याला साठ-सत्तर किलो जाते, सणाला जास्त. पाकिटावर अन्न परवान्याचा 14 आकडी नंबर छापून आला त्या दिवशी आईने ते पहिलं पाकीट देवघरात ठेवलं, अजून तिथेच आहे. मालिकेत दाखवते तसं रातोरात काहीच होत नाही हे मला मान्य आहे. पण आमच्या घरात ती बाई नसती आली तं आई उठलीच नसती. त्यामुळे मला तिच्यावर हसता येत नाही.

भाजणीवाली, डोंबिवली

नागपुरी संत्रं, किती छान लिहिलंस. आईला वाचून दाखवलं. तिने विचारलंय की कांदा वाळवून घेता की तेलात परतून? टिकायचं कसं बघता?

नागपुरी संत्रं

काकूंना सांगा, उन्हात कडक वाळवून मग थोड्या तेलावर. ओला राहिला तं आठवड्यात वास येते. पावसाळ्यात करतच नाही, मे महिन्यात वर्षभराचा कांदा वाळवून ठेवतो.

ताळेबंद, पुणे

मी सीए आहे, तेवीस वर्षं बहुतेक क्लायंट कुटुंबाचे धंदेवाले. मला एका गोष्टीबद्दल मनापासून लिहायचंय कारण तिचा लोकांच्या डोक्यावर परिणाम होतो.

मालिकेत कोणीतरी झोपेत, दारूत किंवा फसवून कोऱ्या कागदावर सही घेतं आणि दुसऱ्या दिवशी कंपनी त्याची. 'तुला पाहते रे'मध्ये पण सगळा डोलारा सरंजामे इंडस्ट्रीज कोणाच्या नावावर यावरच उभा होता. मालिका म्हणून ठीक आहे, सुबोध भावेंचं काम मला आवडलं होतं. पण माझ्याकडे लोक खरंच हे डोक्यात ठेवून येतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे कागदी शेअर द्यायचे तर एसएच-4 नावाचा फॉर्म लागतो, मुद्रांक लागतो, संचालक मंडळाने मंजूर करून सभासदांच्या रजिस्टरमध्ये नोंद घ्यावी लागते. नुसती सही मिळाली म्हणजे कंपनी मिळाली असं होत नाही. आणि मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, साध्या कागदावर चालतं, फक्त दोन साक्षीदार हवेत. हे सांगितलं की वडीलधारे माझ्याकडे संशयाने बघतात, कारण त्यांनी टीव्हीवर वकील, लाल फीत आणि तिजोरी बघितलेली असते.

माझ्या अनुभवात खरा घोटाळा उलटा असतो. कोणीच कुठे सही केलेली नसते! दोन भाऊ चाळीस वर्षं भागीदारीत, भागीदारीचा करारनामा 1981 चा, त्यात वडील, वडील वारले तरी कागद बदललेला नाही. भागीदार गेला की भागीदारी संपते, करारात वेगळं लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी, हे 1932 च्या कायद्यातच आहे. पण घरात वडिलांच्या फोटोला हार घातला की पुढचा विषय काढायचा नसतो. "आत्ता कुठे तेरावं झालंय" असं म्हणता म्हणता अकरा वर्षं जातात. मग नातवंडं मोठी होतात, एकाला धंद्यात यायचंय, एकाला पैसे हवेत, आणि तेव्हा सगळे मिळून माझ्यासमोर येऊन बसतात आणि एकमेकांकडे बघत नाहीत. ते न बघणं फार वाईट असतं. मला त्यापेक्षा भांडण परवडतं.

माहेरवाशीण

ताळेबंद यांनी सह्यांचं लिहिलं म्हणून धीर करून लिहिते.

आमचं भांड्यांचं दुकान. पितळ, तांबं, नंतर स्टील. मी सहावीपासून कॉलेज होईपर्यंत दुकानात बसलेय, लग्नसराईत रुखवताची भांडी निवडायला बायका यायच्या त्या माझ्याकडेच यायच्या, दादाकडे नाही. भांड्यावर नाव घालायचं मशीन मी चालवायचे. ते हातात धरलं की पार कोपरापर्यंत थरथर जाते, अक्षर वाकडं न जाऊ देण्यासाठी श्वास धरावा लागतो. आमच्या तालुक्यात कितीतरी घरांत माझ्या अक्षरातली नावं आहेत अजून.

बाबा गेल्यावर वर्षभराने दादाने रक्षाबंधनाला जेवायला बोलावलं. श्रीखंड-पुरी, वहिनीने साडी दिली, सगळं अगदी प्रेमाने. दुपारी चहा झाल्यावर दादा म्हणाला, उद्या जरा दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन येऊ, हक्कसोड करून टाकू, दुकानाच्या जागेचं. मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी अंगठे, फोटो, सह्या, वीस मिनिटांत झालं.

कोणी मला फसवलं नाही, धमकावलं नाही, मागे संगीत वाजलं नाही. मालिकेत असल्या कागदाला नेहमी एक खलनायक लागतो. आमच्याकडे सगळे चांगलेच होते आणि मीही चांगली होते, म्हणून तर झालं. दादा आजही दर दिवाळीला भाऊबीजेला येतो, माझ्या मुलीच्या लग्नात त्याने अंगावर घेऊन राबलं. पण दुकानात गेले की आता मी गिऱ्हाईकाच्या बाजूने उभी राहते, काउंटरच्या आत जात नाही. मला कोणी अडवलेलं नाही. माझा पायच उचलत नाही.

ताळेबंद, पुणे

ताई, वाचून गलबलून आलं. इतर वाचणाऱ्या मुलींसाठी एक माहिती. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्माने हक्क आहे, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीचं वेगळं असतं, तिथे मृत्युपत्र आहे का ते आधी बघावं लागतं. हक्क सोडायचा तर जरूर सोडा, पण काय सोडतोय त्याचा बाजारभाव एकदा तरी मोठ्याने विचारा, आणि कागद आदल्या दिवशी घरी आणून वाचा. लग्न झालेली बहीण असेल तर तिलाही सांगा.

साधा माग, इचलकरंजी

आमचे साधे माग, म्हणजे विजेवर चालणारे जुने यंत्रमाग, सोळा. वडील खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्यानं सूत द्यायचं, आपण मजुरीवर कापड विणून द्यायचं. मजुरी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांवर, पैशात ठरते. एका पिकाला एवढे एवढे पैसे. त्या पैशातल्या एकदोन पैशांसाठी मोर्चे निघालेले मी लहानपणी बघितल्यात.

मला मालिकांबद्दल एकच सांगायचंय. त्यांच्या कारखान्यात आवाज नसतो. हिरो फॅक्टरीत येतो आणि चालता चालता मॅनेजरशी हळू आवाजात बोलतो. आमच्या शेडमध्ये माग सुरू असताना कानाला तोंड लावून ओरडलं तरी निम्मं ऐकू येतं. आई जेवणाचा डबा घेऊन यायची तेव्हा दारातून हाताने विचारायची, एक बोट म्हणजे आत्ता जेवणार, मूठ म्हणजे बीम (सुताचा रूळ) बदलून. वडिलांना साठीत ऐकू येणं कमी झालं. घरात टीव्ही इतका मोठा लावायचे की शेजारचे बोलायचे, आणि त्या मोठ्या आवाजात ते मालिकेतल्या त्या गप्प कारखान्याकडं बघत बसायचे.

आणि लाईट गेली की! सोळा माग एकदम थांबले की जी शांतता होते ती अंगावर येते, छातीत काहीतरी थांबल्यागत. मी झोपेतून जागा व्हायचो आवाज थांबला म्हणून. कोण म्हणेल आवाजाने जाग येते, आम्हाला आवाज गेला की जाग यायची.

मागच्या वर्षी बारा माग भंगारात गेले. किलोवर. चार ठेवलेत, ते धाकटा चालवतो.

टोरांटोकर

इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात 'किम्स कन्व्हिनियन्स' बघितली, आमच्याच शहरात घडणारी, कोरियन कुटुंबाचं कोपऱ्यावरचं दुकान, 2016 ते 2021 पाच सीझन. आप्पा, उम्मा आणि दोन मुलं. (हो, कोरियन मुलं पण वडिलांना आप्पा म्हणतात, मला पहिल्याच भागात दचकायला झालं, कारण मीही आप्पाच म्हणते.)

आमचं नाशिकला शाळेच्या वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. जून म्हणजे युद्ध. बारा वर्षांत मी एकदाही जूनमध्ये नवीन वह्यांना स्वतःच्या हाताने कव्हरं घालू शकले नाही कारण दुसऱ्यांच्या याद्या भरण्यातच रात्रीचे अकरा व्हायचे, माझी पुस्तकं ऑगस्टमध्ये उरलेल्या खाकी कागदात. त्या मालिकेतली जॅनेट फोटोग्राफी शिकते आणि दुकानातही उभी राहते. जंग वडिलांशी बिनसून घर सोडून गेलाय आणि गाड्या भाड्याने देण्याच्या ठिकाणी कामाला आहे. आप्पा हट्टी आहे, कधी कधी चुकीचंही बोलतो, पण गिऱ्हाईक दार उघडून आलं की त्याची मान वर होते. ती मान वर होणं अगदी खरं आहे! माझे आप्पा जेवताना, आजारी असताना, एकदा तर आजीच्या दहाव्याहून आल्या आल्या, दुकानाच्या पायरीवर पाय वाजला की तशीच मान वर करायचे.

मला त्यात सगळ्यात जवळचं वाटलं ते हे की मुलांना दुकान नकोय आणि बापाला माहिती आहे की नकोय, आणि दोघंही ते तोंडाने म्हणत नाहीत. मी व्हिसा आल्याचं सांगायला दुकानातच गेले होते. आप्पा पेनांचा खोका मोजत होते. मोजणं थांबवलं नाही, मान हलवली, आणि मोजून झाल्यावर त्यातलं एक शाईचं पेन काढून दिलं. परत खोक्यावर आकडा खोडून एकने कमी लिहिला. ते पेन अजून माझ्याकडे आहे.

जत्रेतला, फोंडा

आमचा धंदा खाज्यांचा. दुकान म्हणजे चार बांबू, ताडपत्री आणि मोठी कढई. बेसनाच्या कांड्या तळायच्या, गुळाच्या पाकात आलं आणि तीळ घालून घोळवायच्या. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात ते थेट वैशाखातल्या शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेपर्यंत आमचं घर रस्त्यावरच. टीव्हीवरच्या कुटुंबाच्या धंद्याला चार मजली ऑफिस असतं, आमची सगळी मालमत्ता म्हणजे जत्रेत अमुक झाडाखालची जागा. आजोबांची ती जागा, मग वडिलांची. कुठेही लिहिलेलं नाही पण दुसरा कोणी तिथे बांबू रोवणार नाही. काकांशी वाटण्या झाल्या तेव्हा घर, भांडी याच्यावरून काही झालं नाही, कुठली जत्रा कोणाची यावर मात्र तीन दिवस बसले. शेवटी आजीने वाटल्या. लईराई तिने कोणालाच दिली नाही, म्हणाली तिथे दोघांनी एकत्रच बसायचं. अजून बसतो.

दोन रेघा

उशिरा लिहितोय. वाचत होतो रोज.

आमचा छापखाना होता, ट्रेडल मशीन, खिळ्यांचा, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून छापायचं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेश मंडळांचे अहवाल. वडील स्वतः जुळारी, खिळे उलटे जुळवायचे आणि उलटेच वाचायचे, इतके की मला लहानपणी वाटायचं सगळ्यांचे वडील वर्तमानपत्र पण उलटं धरून वाचू शकतात. खिळ्यांच्या पेटीत, म्हणजे केसमधे, कुठल्या खणात कुठलं अक्षर ते त्यांच्या बोटांना माहिती होतं, अंधारात लाईट गेली तरी हात थांबायचा नाही. जोडाक्षरांचे खण वेगळे. 'ज्ञ' कमी असायचे, एका पत्रिकेत दोन-तीन 'ज्ञानेश्वर' आले की वडील चिंतेत पडायचे.

मालिकांबद्दल मला फार सांगता येणार नाही, मी वाचणारा माणूस. टोमास मान यांची 'बुडेनब्रोक्स' ही जर्मन कादंबरी, 1901 ची. उत्तर जर्मनीतलं धान्याच्या व्यापाऱ्यांचं घर, चार पिढ्या. त्यांच्याकडे घराण्याची एक वही आहे, जन्म, लग्नं, मृत्यू सगळं तिच्यात. चौथ्या पिढीतला हानो हा लहान मुलगा, नाजूक, संगीतात रमणारा, एक दिवस पट्टी घेऊन त्या वहीत स्वतःच्या नावाखाली नीट दोन रेघा मारतो. बाप चिडून विचारतो, हे काय केलंस. तो म्हणतो की मला वाटलं, आता पुढे काही यायचं नाही.

मी ते वाचलं तेव्हा पस्तीस वर्षांचा होतो आणि पुस्तक मिटून गच्चीवर गेलो.

कारण आमच्याकडेही दोन रेघा आहेत. वडील कीर्द स्वतः लिहायचे, वर्षअखेरीला बेरजेखाली दोन रेघा आणि पाडव्याला नवी वही, हळद-कुंकू. ऑफसेट आलं, मग कॉम्प्युटरवर पत्रिका आल्या, कामं आटली. शेवटी खिळे विकले. शिशाच्या भावाने. एका माणसाने पोत्यात भरून वजन केलं, अक्षरं, आकडे, वेलबुट्टी सगळं एकत्र. वडील बाजूला खुर्चीवर बसले होते. माणूस गेल्यावर त्यांनी वही काढली, जमा बाजूला रक्कम लिहिली, आणि दोन रेघा मारल्या. तेव्हा ऑक्टोबर होता. वर्ष संपायचं होतं.

आईने विचारलं, बंद केलं का? ते म्हणाले, "वाढवलं." दुकान 'बंद' म्हणायचं नाही आमच्याकडे, रोज रात्रीसुद्धा वाढवलं म्हणायचे. त्या दिवशीही तोच शब्द वापरला.

लोक म्हणतात टीव्हीवर व्यापाऱ्यांच्या घरच्या खूप गोष्टी झाल्या, 2000 साली 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधल्या विराणींपासून सुरू आहेत. मला एकदा तरी अशी मालिका बघायचीय जिच्यात धंदा कोणी हिसकावून घेत नाही, कोणी जाळत नाही. तो हळूहळू थांबतो आणि माणसं मात्र तशीच सकाळी आंघोळ करून कपडे घालून बसतात. वडील पुढची चार वर्षं सकाळी साडेनऊला तयार होऊन बसायचे.

साधा माग, इचलकरंजी

दोन रेघा, तुमचं वडिलांना वाचून दाखवलं, कानात ओरडून. ते म्हणाले, त्यांना सांग आमचे चार अजून चालू आहेत, या एकदा बघायला.

अडत गल्ली, लातूर (सध्या पुणे)

काल आईला फोन करून विचारलं, तुला कुठली भाजी आवडते. ती आधी म्हणाली, आज काय झालं तुला. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, अंबाडीची. आबांना चालायची नाही म्हणून आमच्याकडं कधी झालीच नव्हती.

भाजणीवाली, डोंबिवली

सगळा धागा आईला आज बसून वाचून दाखवला, चार तास लागले, मधे दोनदा चहा. माहेरवाशीण यांचं ऐकल्यावर ती उठून आत गेली. मला वाटलं रडायला गेली. तर डब्यांच्या मागून एक छोटी वही घेऊन आली, माझ्या चौथीतल्या वहीचं कव्हर घातलेली.

मला ही वही असल्याचंच माहीत नव्हतं. 1996 पासूनच्या रोजच्या नोंदी आहेत. तारीख, 'भाजणी 12, मेतकूट 4', पुढे 'लाईट गेली', 'ताप', 'बाळाची परीक्षा, 6 च झाली'. बाळ म्हणजे मी. रोज किती किलो भाजलं ते सगळं आहे. पैशाचा रकाना आखलेला आहे, शेवटच्या पानापर्यंत पट्टीने नीट आखलेला, आणि तो कोरा आहे.

मी विचारलं मग आखलास कशाला? म्हणाली, सुरुवातीला वाटलं होतं की लागेल.

2003 पर्यंतच्या वह्या डब्यांच्या मागे सापडल्या, पुढच्या माळ्यावर आहेत म्हणते. रविवारी दादा येतोय, त्याला शिडीवर चढवून काढून घेते. त्या दोन बायकांना कुठल्या वर्षी किती मजुरी होती ते आजीच्या वहीत आहे. त्याच दराने आईच्या किलोंची बेरीज करायला बसतोय आम्ही दोघं. ताळेबंद, काही अडलं तर इथे विचारेन.